आपली द्राक्षे रॉटरडॅमला कुणाशी लढतात? फळनिर्यातीची स्पर्धाक्षमता मोजण्याची रीत

शेतकरी मेळाव्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: आंबा आणि केळी पिकवण्यात भारत जगात पहिला. वाक्य खरे आहे. पण केळीच्या जागतिक बाजारात दबदबा आहे तो इक्वेडोरचा. आपली बहुतेक केळी आपणच खातो, आणि त्यात वाईट काही नाही. एवढेच की ‘आपले फळ परदेशात टिकते का’ असे कुणी विचारले, तर उत्पादनाच्या आकड्याचा तिथे काडीचाही उपयोग होत नाही.

मग कोणता आकडा बघायचा? शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठी अशी टिपणे करता करता माझी जी रीत बसली, ती इथे मांडतो. उदाहरण नाशिकच्या द्राक्षांचे घेतले आहे, कारण हंगाम ठरलेला, प्रतिस्पर्धी माहितीचे आणि नोंदी बऱ्यापैकी चोख. हीच रीत डाळिंबाला, केळीला, संत्र्यालाही चालते. संगणकावर एक साधी एक्सेल शीट आणि दोन मोकळ्या संध्याकाळी एवढे भांडवल पुरे.

पायरी १: प्रश्न बारीक करा

‘भारताची फळे जगात स्पर्धाक्षम आहेत का?’ या प्रश्नाला उत्तर नाही. फळ कोणते, बाजार कोणता, आठवडे कोणते आणि समोर कोण, या चार गोष्टी ठरल्याशिवाय पुढे जाऊ नका. एका ओळीत लिहून काढा: ‘पांढरी बिनबियांची द्राक्षे, नेदरलँड्स, मार्च-एप्रिल, समोर दक्षिण आफ्रिका आणि चिली.’

ओळ बदलली की खेळच बदलतो. बागलाणची अर्ली द्राक्षे रशियाला, बांगलादेशाला जातात तेव्हा गिऱ्हाईक वेगळे, मोजमाप वेगळे. पिंपळगावच्या पॅकहाउसमधून पनेटमध्ये (छोट्या डब्यांत) भरून युरोपला जाणारा माल ही निराळीच जात. दोन्हींची सरासरी काढली की दोन्हींचे खोटे चित्र हाती येते.

पायरी २: आकडे गोळा करा, पण चाळून घ्या

जगभर प्रत्येक मालाला ठरलेला क्रमांक असतो, तो एचएस कोड. ताज्या द्राक्षांचा ०८०६१०, बेदाण्याचा ०८०६२०. चुकून नुसता ०८०६ टाकलात तर सांगली-तासगावचा बेदाणाही तुमच्या द्राक्षात मिसळतो. डाळिंब सहा आकडी कोडात ‘इतर ताजी फळे’ या गाठोड्यात जाते. ते वेगळे हवे असेल तर भारताचा आठ आकडी कोड घ्यावा लागतो, आणि मग इतर देशांशी तुलना अवघड होते. आंबा, पेरू आणि मँगोस्टीन ही तिन्ही फळे ०८०४५० या एकाच कोडात नांदतात.

आकडे मिळतात ते यूएन कॉमट्रेडवर, जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ट्रेड मॅपवर, अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची केंद्र सरकारी संस्था) अ‍ॅग्रिएक्सचेंजवर आणि वाणिज्य मंत्रालयाच्या निर्यात-आयात डेटा बँकेत. युरोपसाठी युरोस्टॅट सर्वांत बारीक, महिनावार.

आता तीन खड्डे, ज्यांत मी स्वतः पडलो आहे.

पहिला खड्डा हॉलंडचा. माझ्या पहिल्याच तक्त्यात द्राक्ष निर्यातदारांच्या यादीत नेदरलँड्स फार वर आले. ‘भारताचा मोठा प्रतिस्पर्धी’ म्हणून मी ते ठळक अक्षरात छापले. पॅकहाउसचा व्यवस्थापक तक्ता बघून हसत सुटला. म्हणाला, “साहेब, हा आपलाच माल आहे. तिथे उतरतो आणि पुढे जर्मनीला जातो.” रॉटरडॅम हे युरोपचे दार. पेरू, चिली, दक्षिण आफ्रिका, भारत सगळ्यांची फळे तिथून पुढे जातात आणि पुन्हा ‘निर्यात’ म्हणून मोजली जातात. तेव्हा पुनर्निर्यात करणारे देश स्पर्धकांच्या यादीतून काढा. आणि ‘नेदरलँड्सला गेलेला माल’ म्हणजे डच लोकांनी खाल्लेला माल असेही समजू नका.

दुसरा खड्डा वर्षाचा. आपले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि युरोपचा द्राक्ष हंगाम जानेवारी ते एप्रिल. म्हणजे एकाच हंगामातला मार्चचा माल एका वर्षात आणि एप्रिलचा दुसऱ्या वर्षात. हंगाम दहा दिवस लांबला तर कागदावर एक वर्ष पडते आणि पुढचे वर्ष उगाच फुगते. द्राक्षासाठी कॅलेंडर वर्ष किंवा सरळ महिनावार आकडे घ्या.

तिसरा खड्डा दराचा. निर्यात करणारा देश एफओबी किंमत नोंदवतो, म्हणजे बंदरात बोटीवर चढेपर्यंतची. आयात करणारा नोंदवतो सीआयएफ, म्हणजे भाडे आणि विमा धरून. एका देशाची एफओबी आणि दुसऱ्याची सीआयएफ शेजारी ठेवली तर पहिला स्वस्त दिसणारच. सोपा उपाय असा की सगळ्या स्पर्धकांचे दर आयात करणाऱ्या देशाच्या नोंदीतूनच उचलायचे.

आता जरा हात चालवून बघा. अपेडाच्या नोंदीनुसार भारतातून २०२२-२३ मध्ये सुमारे २,६७,९५० टन ताजी द्राक्षे गेली, किंमत २,५४३ कोटी रुपये, म्हणजे ३१.३७ कोटी डॉलर. २०२३-२४ मध्ये ३,४३,९८२ टन, ३,४६१ कोटी रुपये, ४१.७ कोटी डॉलर. भागाकार केला तर किलोला ९५ रुपयांवरून साधारण १००.६० रुपये झाले. वाढ सहा टक्के, छान! डॉलरमध्ये मात्र १.१७ वरून १.२१, म्हणजे साडेतीन टक्के. उरलेली वाढ रुपया घसरल्याची. परदेशी गिऱ्हाइकाने आपल्या फळाला किती जास्त मोजले हे बघायचे तर डॉलर किंवा युरोच धरायचा.

आणि ही देशाची सरासरी आहे. समजा बांगलादेशाला स्वस्त माल जास्त गेला, तर प्रत्येक बाजारात दर चढूनही सरासरी उतरू शकते. म्हणून बाजारवार दर काढल्याशिवाय कुठलाही निष्कर्ष लिहू नका.

पायरी ३: आरसीए काढा, पण डोक्यावर घेऊ नका

अर्थतज्ज्ञ बेला बलासा यांनी १९६५ साली मांडलेला हा आरसीए (रिव्हील्ड कम्पॅरेटिव्ह ॲडव्हान्टेज) निर्देशांक प्रत्येक प्रबंधात असतो. गणित सोपे आहे. देशाच्या एकूण निर्यातीत त्या फळाचा वाटा किती, आणि जगाच्या एकूण निर्यातीत त्या फळाचा वाटा किती? पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर १ पेक्षा जास्त आले तर देशाला त्या फळात ‘उघड तुलनात्मक लाभ’ आहे असे म्हणतात.

उलट बाजूनेही मांडता येते आणि ते डोक्यात लवकर बसते. भारताचा जगाच्या एकूण मालनिर्यातीत वाटा आहे साधारण १.८ टक्के. समजा एखाद्या फळाच्या जागतिक निर्यातीत भारताचा वाटा ३.६ टक्के आहे. तर आरसीए २. वाटा ०.९ टक्के असेल तर अर्धा. वेगवेगळी वर्षे किंवा देश तुलनेला घ्यायचे असतील तर आरसीएतून १ वजा करा आणि आरसीएत १ मिळवून त्याने भागा, म्हणजे उत्तर उणे १ ते अधिक १ या पट्ट्यात येते.

याची खोड कुठे आहे? भारतातून मोबाइल फोनची निर्यात वाढली की द्राक्षाचा आरसीए खाली येतो. बागेत काही बिघडलेले नसते, फक्त भाजकातली बेरीज फुगलेली असते. चिली-पेरूचा आकडा आपल्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो, कारण त्यांच्या एकूण निर्यातीची टोपली लहान आणि त्यात तांबे व फळेच जास्त. शिवाय शुल्क, अनुदान, बंदी यांचा हिशेब यात कुठेच नाही. आरसीए म्हणजे ताप आहे की नाही ते सांगणारा थर्मामीटर, रोग कोणता ते तो सांगत नाही. दहा वर्षांचा आलेख काढा, दिशा बघा आणि पुढे चला.

पायरी ४: वाढ कुणामुळे झाली ते वेगळे करा

निर्यात ३० टक्क्यांनी वाढली म्हणून पेढे वाटण्याआधी एक वजाबाकी करा. समजा तुमची निर्यात १०० टनांची १३० टन झाली. त्याच काळात जगाची द्राक्ष आयात २० टक्के वाढली, म्हणजे नुसते प्रवाहाबरोबर वाहत राहिला असता तरी १२० झाले असते. तुम्ही ज्या बाजारांत आहात ते योगायोगाने सरासरीपेक्षा जोरात वाढले, त्याचे ८ टन. आपल्या कर्तबगारीचे उरले ते २ टन. याला स्थिर बाजारहिस्सा पद्धत म्हणतात. उरलेला आकडा उणे आला तर निर्यात वाढूनही तुम्ही हिस्सा गमावताय, हे नक्की.

कृषी विद्यापीठांच्या प्रबंधांत याच कामासाठी मार्कोव्ह साखळीही वापरतात. कोणता बाजार आपल्याकडे टिकतो आणि कोणता हातचा जातो, याची संभाव्यता तिने निघते. विद्यार्थी असाल तर जरूर करा. कंपनीसाठी करत असाल तर तो वेळ पुढच्या पायरीवर घालवा.

पायरी ५: रॉटरडॅमहून बांधापर्यंत उलटे या

माझ्या मते सगळ्या रीतीचा कणा हा. तिथल्या विक्रीदरातून एकेक खर्च वजा करत आपल्या बांधापर्यंत यायचे. खालचे आकडे समजुतीसाठी धरलेले गोल आकडे आहेत, तुमच्या शीटमध्ये तुमचे खरे टाका.

विक्रीदर किलोला २ युरो. आयातदाराचे कमिशन ८ टक्के, म्हणजे १६ सेंट. तिथली हाताळणी, शीतगृह वगैरे १२ सेंट. उरले १.७२. यात आयात शुल्क आहे. ते सीआयएफवर ८ टक्के धरले तर १.७२ भागिले १.०८ म्हणजे सीआयएफ १.५९ युरो. चाळीस फुटी रीफर (थंड) कंटेनरमध्ये साधारण १३ टन द्राक्षे बसतात, भाडे ३,९०० युरो धरले तर किलोला ३० सेंट. एफओबी राहिली १.२९ युरो. युरो ९० रुपये धरा, झाले ११६ रुपये. त्यातून पनेट, खोके, सल्फरचे पॅड, प्रीकूलिंग (तोडलेला माल लगेच गार करणे), कात्री लावणाऱ्या बायांची मजुरी, न्हावा शेवापर्यंतचे भाडे, कागदपत्रे असे ३२ रुपये काढा. निर्यातदाराचा नफा आणि घट धरायच्या आधी हातात ८४ रुपये.

आता एकेक खुंटी फिरवून बघा.

शुल्क शून्य केले तर? किलोला साडेअकरा रुपये वाचतात. चिली, पेरू, दक्षिण आफ्रिका यांची द्राक्षे व्यापार करारांमुळे युरोपात शून्य शुल्काने उतरत आली, आपली मात्र वर्षानुवर्षे ८ टक्क्यांच्या आसपास भरून. म्हणजे शर्यत सुरू व्हायच्या आधीच आपण तेवढे मागे. ब्रिटनशी भारताचा करार जुलै २०२५ मध्ये झाला. अशा प्रत्येक करारात तुमच्या कोडापुढे काय लिहिले आहे, कोटा आहे का, कोणत्या महिन्यांना सवलत आहे, ते परिशिष्टात बघा. मथळ्यावर विसंबू नका.

बोटभाडे दुप्पट झाले तर? किलोला २७ रुपये गेले. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात सुएझऐवजी आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा नाशिककरांनी हे गणित अंगावर सोसले. दक्षिण आफ्रिकेच्या बोटीला सुएझशी घेणेदेणेच नव्हते. आपली घसरण त्यांच्यासाठी आयती चढण ठरली.

आणि माल मऊ निघाला, मणी गळाले किंवा पिंक बेरी (गुलाबी पडलेला मणी) दिसली म्हणून दर २० सेंटने पडला तर? सव्वापंधरा रुपये गेले. म्हणजे ज्या शुल्काच्या नावाने आपण दिल्लीकडे बोट दाखवतो, त्यापेक्षा जास्त पैसे तोडणी आणि प्रीकूलिंगच्या मधल्या चार तासांत जाऊ शकतात. घड उन्हात क्रेटमध्ये पडून राहिला की देठ सुकायला लागतो. तो सुकलेला देठ नाशिकला कुणाच्या डोळ्यात भरत नाही, रॉटरडॅमला खोके उघडल्यावर पहिला दिसतो तोच.

हीच शीट स्पर्धक देशासाठी करा. त्यांचे बोटभाडे, त्यांचे शुल्क, त्यांचा विक्रीदर. सगळे आकडे मिळणार नाहीत, पण शुल्क आणि सीआयएफ दर नक्की मिळतात, आणि तेवढ्यावरही फरक कुठे आहे ते उघडे पडते.

एक पडताळा राहिला. त्याच दिवशी देशातल्या बाजारात त्या मालाला काय भाव आहे? मार्चमध्ये व्यापारी बांधावर येऊन रोखीने ८० देत असेल आणि निर्यातीचे ८४ दोन महिन्यांनी, तेही रेसिड्यूची (फळात उरलेल्या औषधाच्या अंशाची) जोखीम पत्करून मिळणार असतील, तर शेतकरी कुठे जाईल हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही.

पायरी ६: दार बंद होण्याची किंमत धरा

दराचे गणित जुळले तरी माल दारातच अडला तर सगळे शून्य. २०१० साली हेच झाले. वाढ रोखण्यासाठी बागेत वापरले जाणारे क्लोरमेक्वॅट क्लोराइड युरोपच्या प्रयोगशाळेत ०.०५ मिलिग्रॅम प्रतिकिलो या मर्यादेपेक्षा जास्त निघाले, आणि कंटेनर अडकले. गंमत अशी, गंमत कसली, की आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन तेव्हा नव्हतेच. ग्रेपनेटसारखी प्लॉटपर्यंत माग काढणारी व्यवस्था २००६ पासून चालू होती, पुण्याजवळच्या मांजरी गावात राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची संदर्भ प्रयोगशाळा होती, तरीही. यादीत जे नाही ते शोधले जात नाही. हापूसचेही तसेच. फळमाशीमुळे १ मे २०१४ पासून युरोपने आंबा बंद केला, तो २०१५ च्या सुरुवातीला पुन्हा खुला झाला. ऐन हंगामात बंद झालेले दार पावसाळ्यानंतर उघडून त्या वर्षीच्या बागायतदाराला काय उपयोग?

म्हणून शीटशेजारी एक पान ठेवा. युरोपच्या रॅस्फ या इशारा यंत्रणेच्या नोंदी सगळ्यांना खुल्या आहेत. फळ आणि मूळ देश टाकून गेल्या पाच वर्षांत आपला माल किती वेळा, कोणत्या रसायनासाठी पकडला गेला ते उतरवा, आणि तेच समोरच्या देशासाठीही. ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात सरसकट ०.०१ मिलिग्रॅम लागते. जर्मनीतल्या काही सुपरमार्केटांचा नियम याहून कडक असतो. कायद्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहा, आणि सापडणाऱ्या रसायनांची संख्याही मोजकीच हवी. सरकारी दाखला हातात असूनही माल नाकारला जातो तो इथे.

दार शेजारच्या देशातही बंद होते, फक्त तिथे रसायनाचे कारण लागत नाही. बांगलादेशाने संत्र्यावरचे शुल्क वर्षागणिक चढवत नेले आणि वरुड-मोर्शीची बागायत हवालदिल झाली. एकाच गिऱ्हाइकावर अर्ध्याहून जास्त माल अवलंबून असेल तर शीटवर लाल खूण करा.

पायरी ७: वाण

हे थोडक्यात सांगतो, कारण यावर एका बागायतदाराला एकट्याने फार काही करता येत नाही. पेरूने इका आणि पिउराच्या वाळवंटात ठिबकावर बागा उभ्या केल्या आणि जुन्या रेड ग्लोबऐवजी पेटंटचे बिनबियांचे वाण आणले. मणी मोठा, करकरीत, टिकाऊ. आपण अजून मुख्यतः थॉमसन आणि तिच्या भाऊबंदांवर. पेटंटचा वाण घ्यायचा तर रॉयल्टी लागते, आणि वाण देणारा कायद्याचे संरक्षण किती आहे ते बघतो. भारत आपल्या २००१ च्या वाण-संरक्षण कायद्याने चालतो, ‘यूपॉव्ह’ या वाणांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य नाही, पेरू आणि चिली आहेत. तरी मोहाडीच्या ‘सह्याद्री’ या शेतकरी उत्पादक कंपनीने ‘आरा’सारखे परवान्याचे वाण आणून वाट पाडली आहे. शीटमध्ये वाणवार विक्रीदराचा वेगळा रकाना करा. थॉमसन आणि परवान्याच्या वाणातला फरक रॉयल्टीपेक्षा जास्त आहे की कमी, एवढेच बघायचे.

पायरी ८: आठवड्यांचा तक्ता आणि छाटणीची तारीख

युरोपातला फळव्यापार महिन्यांत बोलत नाही, आठवड्यांत बोलतो. ‘वीक १२ ला किती येतंय?’ असे विचारतात. आडवे आठवडे १ ते २२ आणि उभे देश असा तक्ता करा. दक्षिण आफ्रिका जानेवारी-मार्चमध्ये भरात, चिली त्याच्या मागोमाग एप्रिल-मेपर्यंत, मेच्या मध्यानंतर इजिप्त. दक्षिण आफ्रिकेचा पांढरा माल ओसरतो आणि इजिप्त यायचा असतो, ती आपली फट. पण त्याच फटीत आपल्याकडचे सगळेच एकदम घुसतात, आणि एप्रिलच्या मध्याला भाव आपटतो तो परक्यांमुळे नाही.

दिंडोरीच्या एका गटात हा तक्ता भिंतीवर लावून बसलो होतो. एक जण म्हणाला, “मग आपण वीक १० ला पोहोचू. तोडणी कधी करायची सांगा.” उलटे मोजत गेलो. वीक १० म्हणजे मार्चचा पहिला आठवडा, ३ तारीख धरा. बोट, पॅकिंग आणि बंदर मिळून ३५ दिवस, तोडणी २७ जानेवारीला. फळछाटणीपासून तोडणीला १३० दिवस, म्हणजे छाटणी १९ सप्टेंबरला. आणि बोट आफ्रिकेला वळसा घालून जाणार असेल तर आणखी १२ दिवस मागे, ७ सप्टेंबर.

त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयाची पाने उलटली आणि हसला. “सात सप्टेंबर? गणपतीच्या पावसात छाटणी म्हणजे केवडा रोगाला आवतण.” मग शीटमध्ये एक रकाना वाढवला: पावसाचे दिवस, आणि त्यापायी लागणाऱ्या जास्तीच्या फवारण्यांचा एकरी खर्च.